मुनीर सरांची फळी

मुनीर सरांपुढे कुणी बशीत बिस्किटं ठेवली की ते आधी ती खात नसत. बशी एका कडेनं हळूहळू उचलत. बिस्कीट जागचं हललं की "सुटलं!" म्हणत, बशी किती कलली होती ते डोळ्यांनी मापत आणि मगच बिस्कीट तोंडात टाकत. ग्लुकोजचं लवकर सुटतं, नानकटाई उशिरा सुटते आणि खारी जाता जाता भुगा सांडते म्हणून ती धरायचीच नाही, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. ते नुकते रुजू झाले होते आणि मी भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख होतो. विभागप्रमुखाच्या तोऱ्यात मी म्हणालो, "सर, चहा गार होतोय."

"होऊ द्या की," ते म्हणाले. "गर्मी जाऊन जाऊन जाणार कुठं? ह्याच खोलीत राहणार. तुमालाच मिळणार."

लातूरच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही दोघांनी नोकरी केली, तिथल्या माजी विद्यार्थ्यांत मुनीर सरांचे किस्से अजून चालतात. 'फळीवाले सर' एवढं म्हटलं तरी पोरं हसायला लागतात. पोरं म्हणजे आता त्यांचीही डोकी पिकली. या किश्श्यांतले निम्मेअधिक मी पसरवलेले आहेत. मला ते रंगवून सांगता येतात असं लोक म्हणतात. स्नेहमेळाव्यात माझ्या हातात माईक देतात तो त्यासाठीच. आता मी सत्तरी ओलांडली. यातला कोणता किस्सा खरा आणि कोणता माझ्या हातचा, हे एकदा नीट लिहून ठेवायला हवं. शेवटचा तर हवाच.

मुनीर सर मूळचे मुदखेडचे. वडील सुतार, आजोबा सुतार, थोरल्या भावाचं स्टेशनजवळ दारं-खिडक्या करायचं दुकान. घरातून शिकून बाहेर पडले ते हे एकटेच. उंच, किडकिडीत, चालताना थोडे पुढे झुकलेले, सदान् कदा उतारावर असल्यासारखे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी काडेपेटीएवढा सागवानी ठोकळा. तो ते कुठेही घसरवत. बँकेच्या काउंटरवर, एस.टी.च्या बोनेटवर, प्राचार्यांच्या टेबलावरच्या काचेवर. ठोकळा थांबला की विचारत, "गेली कुठं?"

नवा माणूस गोंधळायचा. "कोण गेली, सर?"

"ऊर्जा हो! आत्ता होती, आता न्हाई. गेली कुठं?" मग उत्तरही तेच देत. "घासणीनं खाल्ली. टेबल गरम झालं. हात लावून बघा."

प्राचार्यांनी एकदा खरंच काचेला हात लावून बघितला होता. हा किस्सा खरा आहे.

स्टाफरूममधल्या कॅरमचाही खरा आहे. मुनीर सर खेळायला बसले की डाव पुढे सरकत नसे. कुणाची सोंगटी भोकाच्या तोंडाशी येऊन थांबली की तो बिचारा हळहळायचा आणि मुनीर सर त्याची समजूत काढायचे. "नेम चुकला न्हाई तुमचा. पावडर कमी पडली. ह्या कोपऱ्यात घासणी जास्त हाय." मग ते बोर्डाचा तो कोपरा बोटानं चाचपत बसायचे आणि बाकीचे तिघं घड्याळाकडे बघायचे. पुढे पुढे ते येताना दिसले की आम्ही बोर्ड कपाटामागे सारून पेपर तपासायला घ्यायचो. त्यांना ते कळत असावं. ते दारातूनच म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या," आणि प्रयोगशाळेत जाऊन बसायचे.

बागेतल्या घसरगुंडीचा किस्सा मात्र निम्मा माझा आहे. मी सांगतो तो असा, की पन्नाशीला आलेले मुनीर सर घसरगुंडीवरून स्वतः घसरत आले, विजार उसवली आणि रखवालदारानं त्यांना धरून बाहेर काढलं. खरं असं, की त्या घसरगुंडीवरून पोरं फार जोरात खाली येऊन आपटायची. सरांच्या घरमालकाच्या नातवाचे पुढचे दात पडले. दुसऱ्या दिवशी सर एका छोट्या पोत्यात ज्वारी भरून, त्या पोत्याला नातवाची चड्डी चढवून बागेत गेले आणि ते पोतं वरून सोडायला लागले.

रखवालदार धावत आला. "ओ चाचा, पोतं कशाला खेळवून राहिले?"

"त्याला दात न्हाईत म्हणून."

किती उंचावरून सुटतं आणि किती लांब जाऊन थांबतं हे मापून त्यांनी नगरपालिकेला कळवलं, की खालचा सपाट भाग हातभर वाढवा म्हणजे पोरं आपोआप थांबतील. नगरपालिकेनं तत्परतेनं दखल घेऊन तिथे पाटी लावली: 'मोठ्या माणसांनी घसरू नये.'

चौथा किस्सा त्यांच्या लग्नाचा, म्हणजे न झालेल्या लग्नाचा. भोकरला मुलगी बघायला गेले असताना सरबताचे पेले आले, तेव्हा सरांनी सवयीनं ट्रे कलवला, पेले सुटले आणि होणाऱ्या सासऱ्याच्या मांडीवर रिकामे झाले. 'मुलगी पसंत होती, पण ट्रे जास्त पसंत पडला', हे माझं वाक्य आणि त्यावर हमखास हशा. खरी हकीकत त्यांच्या थोरल्या भावानं मला एकदा मुदखेडला सांगितली. ट्रे त्या मुलीच्याच हातून कलला होता. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या आत मुनीर सर उठून म्हणाले, "माफी असावी. मी कलवून बघत होतो." मुलीकडच्यांनी दोन दिवसांनी निरोप धाडला, मुलगा विक्षिप्त वाटतो. त्यानंतर सरांनी कुठेच मुलगी बघितली नाही. लातूरला एका खोलीत एकटे राहिले. ही हकीकत मला ठाऊक झाल्यावरही मी माईकवरून आपलीच सांगत आलो. तिला हशा जास्त होता.

आता फळी.

घर्षणांक काढायचा एक प्रयोग बारावीला असे. मुनीर सर तो ज्या रीतीनं शिकवत तशी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. दोन फळ्या. एक उतरती, एक तिच्या पायथ्याला सपाट. सांधा त्यांनी स्वतः कानशीनं घासून गोलसर केलेला, म्हणजे ठोकळ्याला उतरताना धक्का बसू नये. ठोकळा वरून सोडायचा. तो घसरत खाली येणार, सपाट फळीवर थोडा जाणार आणि थांबणार.

"वर धरला तेव्हा ह्याच्यापाशी उंचीची कमाई होती," सर सांगायचे. "खाली जाऊन थांबला, खिसा खाली. सगळी कमाई घासणीनं खाल्ली. तिनं किती खाल्ली? जेवढी होती तेवढीच, एक दाणा कमी न्हाई, एक जास्त न्हाई. मग आता उंची मापा. जिथून सोडला त्याच्या बरोब्बर खालपासून जिथं थांबला तिथपर्यंत आडवं अंतर मापा. उंचीला अंतरानं भागा. हाच तुमचा घर्षणांक. उतार किती, वेग किती, मधी काय झालं, कायबी विचारू नका."

एखादं चौकस पोर विचारायचंच. "अन् उतार जास्त केला तर, सर?"

"कर की. उंची तीच ठेव अन् कर."

पोरगं फळी उभी करून ठोकळा सोडायचं. ठोकळा वेगानं खाली यायचा, पण जाऊन थांबायचा जवळपास आधीच्याच खुणेवर. सर त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहायचे. दर वर्षी बघायचे. ठोकळ्याकडे नाही, तोंडाकडे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पोराला कळतं तेव्हा त्याच्या भुवया वर जातात. ते बघायला पगार देऊन राहिलं सरकार."

पण परीक्षेची रीत वेगळी होती. प्रात्यक्षिक परीक्षेत ठोकळा सोडून बघायची आमच्याकडे पद्धत नव्हती. उत्तर ठरलेलं असे. आमच्या फळीचं उत्तर शून्य पॉइंट चार. हे विभागप्रमुखानं, म्हणजे मी, प्रयोगशाळा परिचर व्यंकटच्या कानात सांगायचं. व्यंकट पाण्याचा जग घेऊन टेबलाटेबलावरून फिरायचा आणि पाणी ओतता ओतता आकडा सांगायचा. मग पोरं उत्तरावरून उलटा हिशेब मांडायची. उंची वीस सेंटिमीटर लिहिली की अंतर पन्नास आलं पाहिजे. अगदी पन्नास लिहिलं तर संशय येतो म्हणून कुणी एकोणपन्नास पॉइंट आठ, कुणी पन्नास पॉइंट तीन. या कलेत आमची पोरं फार तयार होती. निकाल चांगला लागायचा, पालक खूश, संस्था खूश. मुनीर सर एकटे कुरकुरायचे. परीक्षेच्या दिवशी त्यांना काही ना काही काम देऊन मी प्रयोगशाळेबाहेर ठेवायचो.

त्या वर्षी माझं नाव उपप्राचार्यपदासाठी पुढे होतं. परीक्षेच्या आदल्या दुपारी मी स्टाफरूममध्ये फोनवर होतो. दुसऱ्या दिवशी बाहेरून येणारे परीक्षक मटण खातात की शाकाहारी आहेत, खातात तर उद्याच्या वारी खातात का, याची चौकशी चालली होती. तेवढ्यात मुनीर सर आले. प्रथमोपचाराची पेटी हवी होती. मागे दारात एक मुलगी उभी होती, तळहाताला रुमाल गुंडाळलेला. पेटी काढता काढता सर मला म्हणाले, "बिरादार सर, फळ्या लई जुन्या झाल्या, पोरींच्या हातात कुसळं जाऊन राहिलीत, काल हिच्या गेलं. दोन्ही फळ्यांवर सनमायका मारून घेतला. ठोकळा आता लई लांब जातो. जुनं उत्तर चालणार न्हाई. ध्यानात ठेवा."

मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "हो हो, छान."

फळीबद्दल ते इतकं बोलत, की फळी हा शब्द कानावर पडला की माझे कान आपोआप मिटत. ऐकू आलं नाही असं नाही. आलं. शब्द न् शब्द आला. फक्त मी तो कुठे ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी व्यंकट जग घेऊन फिरला. सगळ्यांनी शून्य पॉइंट चार लिहिलं. उत्तरपत्रिका गोळा झाल्या. जेवण यायला वेळ होता म्हणून परीक्षकांना चहा दिला. त्यांनी कपबशी सपाट फळीच्या टोकाशी ठेवली आणि बसल्या बसल्या, काही उद्योग नाही म्हणून, ठोकळा उचलून वरून सोडला. ठोकळा खाली आला, पोरांच्या पन्नासवरून गेला, पुढे गेला, फळी संपेपर्यंत गेला आणि कपावर जाऊन आदळला. चहा परीक्षकांच्या पॅंटवर.

त्यांनी पॅंट पुसली. पुन्हा सोडला. पुन्हा तेच. मग त्यांनी उत्तरपत्रिका चाळल्या.

"बिरादार सर," ते सावकाश म्हणाले, "तुमच्या पोरांचा ठोकळा पन्नासला थांबतो. माझा का थांबेना? मी पाहुणा आहे म्हणून का?"

जेवण आलं ते तसंच राहिलं. सगळे प्राचार्यांच्या खोलीत. परीक्षक म्हणाले, वर कळवावं लागेल. प्राचार्यांनी हातापाया पडून त्यांना एका गोष्टीवर आणलं: परीक्षा उद्या पुन्हा घ्यायची आणि जबाबदार माणसावर महाविद्यालयानं आपल्या पातळीवर कारवाई करायची. आता जबाबदार कोण? उत्तर कुणी वाटलं, हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही. ते विचारायची सोयच नव्हती, कारण सगळ्यांनाच माहीत होतं आणि सगळ्यांच्याच सोयीचं होतं. प्राचार्यांनी विचारलं ते हे:

"फळी बदलली कुणी?"

"मी," मुनीर सर म्हणाले. "पोरींच्या हातात कुसळं जात होती."

"परीक्षेच्या तोंडावर? विभागप्रमुखांना विचारल्याशिवाय?"

"सांगितलं होतं की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न हा होता, की ठाऊक असताना जुनं उत्तर कसं गेलं. मी म्हणालो, "मला काही सांगितलेलं नाही."

मुनीर सरांनी माझ्याकडे बघितलं. मी रागाची वाट बघत होतो. राग नव्हता. खिशात ठेवलेली वस्तू सापडेना म्हणून माणूस एकेक खिसा चाचपतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग ते म्हणाले, "न्हाई सांगितलं का? मग विसरलो असेन."

त्यांची प्रयोगशाळा काढून घेतली. पर्यावरणाचे तास आणि गैरहजर विद्यार्थ्यांच्या पालकांना फोन करणं, एवढं काम निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडे राहिलं. मी उपप्राचार्य झालो. परीक्षा पुन्हा झाली तेव्हा मी दारात उभा होतो आणि व्यंकटच्या हाती जग दिला नव्हता. पोरांनी ठोकळे सोडले. पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. ते बघायला मुनीर सर तिथे नव्हते. ते खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी बापाला फोन लावत होते.

मी स्वतःची समजूत अशी घातली, की भोकरच्या मुलीसाठी त्यांनी केलं तेच माझ्यासाठी केलं. मला सांभाळून घेतलं. माणूस थोर आहे. थोर माणसाचं ऋण असतं, त्याची टोचणी बरी असते, तिच्यासकट झोप लागते. आणि किस्सा मी सांगतच राहिलो. माझ्या किश्श्यात विसराळू मुनीर सर परीक्षेच्या दिवशी फळीला सनमायका मारतात, सांगायचं विसरतात आणि परीक्षकाची पॅंट भिजते. एका मेळाव्याला ते स्वतः समोर बसलेले होते. सगळ्यांबरोबर हसले. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुम्ही सांगता तवा मला बी सगळं दिसायला लागतं."

मी ती दाद समजलो.

गेल्या मेळाव्यात किस्सा सांगून खाली उतरलो, तर जेवणाच्या रांगेत एक बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "सर, मी सुनंदा. शिरूर अनंतपाळची." आता उदगीरकडे कुठल्याशा शाळेत विज्ञान शिकवते म्हणाली. "सर, तुम्ही सांगता तसं नाही ना ते. मुनीर सर तुम्हाला सांगत होते तेव्हा मी दारात उभी होते. माझ्याच हातात कुसळ गेलं होतं." तिचा आवाज चढलेला नव्हता. ताटात वरण घेत घेत बोलत होती. "तुम्ही फोनवर होता. विसरला असाल."

विसरला असाल. मला तिनं दार उघडून दिलं होतं. त्या दारातून बाहेर पडायची इच्छा झाली नाही, म्हणजे वयच झालं म्हणायचं. मुनीर सर निवृत्तीनंतर मुदखेडलाच राहतात. पुढच्या रविवारी मी नांदेडमार्गे गाडीनं तिकडे गेलो.

थोरला भाऊ आता नाही. दुकान पुतण्या अन्वर चालवतो. दुकानामागच्या खोलीत मुनीर सर खाटेवर बसले होते. उठले, दोन्ही हातांनी माझा हात धरला. "बिरादार सर! बसा. बसा म्हणालो ना मी?"

"म्हणालात."

"हाव. बसा मग." थोडं थांबून, "चहा सांगतो. शबाना बेटी, दोन चहा! सांगितला ना मी चहा?"

"सांगितलात."

दर दोन वाक्यांनंतर हेच. मी बोललो ना? म्हणालो ना आत्ता? मी हो म्हणेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मला आधी हसू आलं. नवा किस्सा मिळाला, असंही क्षणभर वाटलं, खोटं कशाला लिहू.

अन्वरची बायको शबाना चहा घेऊन आली. सर हात धुवायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बुरा नक्को मानो सर. चच्चा भोत भूलते. नौकरी में थे तबसेच. हम गॅस नहीं जलाने देते, अकेले बाहर नहीं भेजते."

"काय काय विसरलेत आतापर्यंत?"

ती विचारात पडली. बराच वेळ आठवत राहिली. "ऐसा तो कुछ भूले नहीं," ती शेवटी म्हणाली. "पर वो खुदच बोलते ना, मैं भूलता हूँ बोलके."

सर परत येऊन बसले. मी चहा खाली ठेवला. येताना गाडीत वाक्यं जुळवली होती, ती सगळी लांबलचक निघाली. मी म्हणालो, "सर, सनमायकाचं तुम्ही मला सांगितलं होतं. मी प्राचार्यांसमोर खोटं बोललो."

ते माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "कधी सांगितलं?"

"आदल्या दुपारी. स्टाफरूममध्ये. मी फोनवर होतो."

"मोठ्यानं बोललो होतो मी? तोंडानं?"

"मोठ्यानं. ती शिरूरची सुनंदा दारात होती, तिनंही ऐकलं. ठोकळा लांब जातो, जुनं उत्तर चालणार नाही, ध्यानात ठेवा म्हणालात. मी हो हो, छान म्हणालो."

"हो हो, छान," ते पुटपुटले. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"तुम्ही मला सांभाळून घेतलंत, सर. माझं नाव पुढे होतं म्हणून."

"सांभाळून?" ते खरोखरच चकित झाले. "न्हाई हो. मी कशाला सांभाळू? पोरांचं नुकसान झालं होतं, मी भांडलो असतो की तुमच्याशी." मग खाटेच्या कडेवर हात फिरवत ते म्हणाले, "एकट्या माणसाचं कसं असतं सर, दिवसभर कुणी न्हाई बोलायला. मी आपला बोलत बसायचो. भाजीला बोलायचो, कुलपाला बोलायचो. त्या दिवशी तुम्ही न्हाई म्हणाले तवा मला वाटलं, बिरादार सर काय खोटं बोलणार न्हाईत. म्हणजे मी फळीलाच सांगितलं असेल. फळीला सांगितलं अन् माणसाला सांगितलं, ह्यातला फरकच मला कळेना झाला. लई भ्यालो मी. तवापासून स्वतःचा भरवसा न्हाई."

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे. ते दाराकडे वळून मोठ्यानं हाका मारत होते. "शबाना! बेटी, इकडं ये! हात राहू दे, अशीच ये!"

ती पिठाच्या हातानं आली. "क्या हुआ चच्चा?"

"सर काय म्हणतात ऐक. सांगा सर, पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, आमच्या मराठीत आणि जमेल तसं तिच्या बोलीत. स्नेहमेळाव्यात कधी अडखळलो नाही, तिथे तीन-चारदा अडखळलो. ती ऐकत होती. सर मान डोलावत होते, मधूनच तिला म्हणत होते, "देखा? सांगितलं होतं मी." माझं संपलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासमोरची कपबशी उचलून नेली. चहा अर्धा होता.

गाडीची वेळ झाली. सर उठले, टोपी घातली. "चला, ठेसनापर्यंत सोडतो."

शबाना दुकानाच्या दारात आली. "अन्वर को भेजूँ साथ में?" असं तिनं सवयीनं विचारलं आणि मग स्वतःच म्हणाली, "नक्को. जाओ चच्चा. अकेलेच जाओ."

स्टेशनपर्यंतच्या वाटेवर ते बोलतच होते. सिमेंटच्या रस्त्यानं सायकलची चाकं किती झिजतात, पुतण्या दरवाज्याच्या चौकटी कशा करतो, लातूरच्या खोलीत खिडकी कुठल्या बाजूला होती. एकदाही थांबून त्यांनी मला 'म्हणालो ना मी?' असं विचारलं नाही. गाडी आली. मी चढलो, खिडकीशी बसलो. मला वाटलं ते गाडी हलेपर्यंत थांबतील, जुनी माणसं थांबतात. पण त्यांनी हात वर केला, "चला, मला बी काम हाय," म्हणाले आणि गाडी सुटायच्या आधीच वळून फाटकाबाहेर गेले. एकटे, भराभरा, मागे न बघता.